हिरव्या तलावाचे पाणी वाचवताना

पोहण्याच्या तलावाचे पाणी हिरवे पडते ते शेवाळामुळे. हे शेवाळ म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे, बहुतेक एकपेशीय जीव. वारा, धूळ, पाऊस आणि पोहणाऱ्यांचे अंग यांबरोबर ते पाण्यात येतच असतात. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेपर्यंत त्यांना वाढता येत नाही. पंप नादुरुस्त झाला, औषध संपले किंवा राखणदार गावी गेला की क्लोरीन शून्यावर येतो, आणि जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात काही दिवसांतच पाण्यावर हिरवी झाक चढते. आणखी पंधरवडा गेला तर तळाची फरशी दिसेनाशी होते, भिंती बुळबुळीत होतात आणि कडेला डासांच्या अळ्या वळवळू लागतात.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो तलाव रिकामा करून नव्याने भरण्याचा. जालना जिल्ह्यात हा विचार शेवटचा असायला हवा. 2012-13च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि शहराला दीर्घकाळ पाणी पुरवणारा निजामकाळातला घाणेवाडी तलाव आटला. आज जालना शहर पैठणच्या जायकवाडी धरणातून दूरवरून आणलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. गावोगावच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात खोल जातात. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल असा एखाद्या कृषी पर्यटन केंद्रातला लहानसा तलाव घेतला, तरी त्यात 60 घनमीटर, म्हणजे 60,000 लिटर पाणी बसते. दहा हजार लिटरचे ते सहा टँकर झाले. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा मोठ्या तलावात तर सुमारे 4,70,000 लिटर पाणी असते. एवढे पाणी गटारात सोडून तेवढेच पुन्हा विकत आणणे या भागात परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही.

तलाव रिकामा न करण्याला जमिनीचेही कारण आहे. जालन्यातली काळी माती ओल धरली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भरलेल्या तलावातल्या पाण्याचा भार भिंतींना आतून आधार देत असतो. तो काढून घेतला की फुगलेल्या मातीचा आणि पावसाळ्यात वर आलेल्या भूजलाचा दाब एकट्या भिंतींवर आणि तळावर पडतो; त्याने सिमेंटला तडे जाऊ शकतात, फरशा सुटू शकतात. शिवाय टँकरने आणलेले नवे पाणी स्वच्छच असेल याचीही खात्री नसते. जुने पाणी हिरवे असले तरी ते फुकट गेलेले नसते. त्यातले सजीव मारून आणि मेलेले गाळून तेच पाणी पुन्हा पोहण्याजोगे करता येते.

कामाची सुरुवात औषधाने होत नाही, मापाने होते. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार केला की घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खोल असलेल्या तलावात दोन्ही खोल्यांची बेरीज करून निम्मी धरायची. हा आकडा चुकला तर पुढची प्रत्येक मात्रा चुकते. अंदाजाने बादलीभर पावडर टाकून पाणी निवळले नाही, अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिच्या मुळाशी बहुधा न मोजलेले पाणीच असते.

त्यानंतर पाण्यातला कचरा काढायचा. पाने, काड्या, मेलेले किडे आणि तळाला साचलेला गाळ क्लोरीन खाऊन टाकतात. ते आत ठेवून औषध टाकणे म्हणजे औषध कचऱ्यावर खर्च करणे. जाळीने जेवढे निघेल तेवढे काढावे, भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासून चिकटलेले शेवाळ पाण्यात मोकळे करावे. शेवाळाचा थर स्वतःभोवती चिकट आवरण बनवतो आणि घासल्याशिवाय औषध आतल्या पेशींपर्यंत पोचत नाही. डासांच्या अळ्या असतील तर त्याही याच वेळी जाळीने गाळून घ्याव्यात. नेहमीच्या प्रमाणातला क्लोरीन अळ्यांना खात्रीने मारत नाही, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याने किंवा कोणी हौसेने गप्पी मासे सोडलेले असतील तर ते आधी पकडून दुसऱ्या साठ्यात हलवावेत, कारण माशांना क्लोरीन फार थोड्या प्रमाणातही घातक असतो.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि उपचार फसतो तो इथेच. क्लोरीन टाकण्याआधी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली आणावा लागतो. मातीपरीक्षणामुळे सामू हा शब्द जालन्यातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. सातला उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क, हेच गणित तलावालाही लागू पडते. क्लोरीनयुक्त औषध पाण्यात विरघळले की दोन रूपे तयार होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पेशीभित्तिका भेदून जंतू मारण्याचे काम मुख्यतः पहिले रूप करते; दुसरे फारच मंद असते. सामू 7.2 असेल तर सुमारे दोनतृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, 7.5ला निम्मा, 8ला जेमतेम चौथा हिस्सा आणि 8.5ला दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जालन्याच्या बेसाल्ट खडकातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी मुळातच जड आणि अल्क असते. त्यात शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू आणखी चढवते. म्हणून हिरव्या तलावात दुपारी सामू 8.5च्याही वर सापडला तर नवल नाही. अशा पाण्यात कितीही पावडर ओतली तरी तिचा मोठा भाग निष्क्रिय राहतो.

सामू उतरवण्यासाठी विरळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कोरडे आम्ल म्हणून मिळणारे सोडियम बायसल्फेट वापरतात. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. थोडे टाकून, पंप चालवून, तासाभराने पुन्हा मोजायचे आणि 7.2च्या आसपास थांबायचे. हे काम क्लोरीनच्या आधीच उरकावे, कारण पाण्यात क्लोरीन फार वाढला की सामू दाखवणारा रंगद्रव चुकीचा रंग देऊ लागतो.

क्लोरीन कोणता वापरायचा, हा पुढचा प्रश्न. ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत परिचित औषध टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत टाकतो तीच ही पांढरी पावडर. चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पण पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढला की ताकद झपाट्याने घटते. तिच्यात चुन्याचा न विरघळणारा भाग बराच असतो. ती तशीच तलावात उधळली तर पाणी हिरव्याचे दुधाळ होते आणि फिल्टर चुन्याने बसतो. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवून, अर्धा-एक तास थांबून वरची निवळी तेवढी ओतणे ही विहिरीसाठी वापरली जाणारी पद्धत इथेही योग्य आहे.

द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट गाळ ठेवत नाही. त्यात साधारण 10 ते 12 टक्के क्लोरीन असतो, मात्र उष्णतेत तोही लवकर उतरतो. म्हणून ताजा आणून लगेच संपवावा. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत 65 ते 70 टक्के क्लोरीन असतो, पण आधीच जड असलेल्या पाण्याचा जडपणा ते आणखी वाढवतात. हिरवा तलाव एकदा निवळून घ्यायला या भागात द्रव हायपोक्लोराइट सर्वांत सोयीचा, आणि तो न मिळाल्यास टीसीएलची निवळी.

बाजारात तलावासाठी सर्रास विकल्या जातात त्या टीसीसीए नावाच्या 90 टक्क्यांच्या गोळ्या आणि पावडर. रोजच्या वापराला त्या सोप्या आहेत, कारण त्यांच्याबरोबर सायन्युरिक आम्ल येते आणि ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते. हे आम्ल नसेल तर कडक उन्हात दोनेक तासांतच पाण्यातल्या क्लोरीनचा मोठा भाग नाहीसा होतो. पण हाच रक्षक वाढत गेला की क्लोरीनला बांधून ठेवतो. टीसीसीएने प्रत्येक 10 पीपीएम (म्हणजे घनमीटरला 10 ग्रॅम) क्लोरीनमागे 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात सोडले जाते, आणि ते बाष्पीभवनाने जात नाही. रोज 2 पीपीएम क्लोरीन या दराने दोन महिने टीसीसीए वापरले तर सुमारे 70 पीपीएम सायन्युरिक आम्ल साठते. ते नसलेल्या पाण्यात शेवाळ मारायला 10 पीपीएमच्या आसपास क्लोरीन पुरतो. तलाव सांभाळणाऱ्यांच्या अनुभवाचा नियम असा की सायन्युरिक आम्लाच्या सुमारे 40 टक्के क्लोरीन धरावा लागतो. म्हणजे 70 असेल तर 28 पीपीएम. औषध तेच, पाणी तेवढेच, आणि खर्च जवळपास तिप्पट. पाण्यातले काही जीवाणू हे आम्ल फोडून अमोनिया तयार करतात, तेव्हा तर ओतलेला क्लोरीन तासाभरात गडप होतो. सायन्युरिक आम्ल शंभरच्या पुढे गेलेले आढळले तर मात्र काही पाणी बदलण्याशिवाय मार्ग नसतो. तेही पूर्ण तलाव न उपसता एकतृतीयांश किंवा निम्मे बदलून भागते.

इथे सुरक्षेविषयी दोन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट ही औषधे कोरडी किंवा किंचित ओली एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. एकाचे माप दुसऱ्यात बुडवणेही धोक्याचे. आणि आम्ल व क्लोरीनची औषधे एकमेकांत मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, जो फुप्फुसांना जाळतो. पंपाच्या बंद खोलीत असे घडले तर माणूस दगावू शकतो. ही सगळी औषधे वेगवेगळ्या, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावीत, हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि वाऱ्याकडे पाठ करून ओतावे.

मात्रा काढणे सोपे आहे. एक पीपीएम म्हणजे एका घनमीटरला एक ग्रॅम क्लोरीन. वरच्या 60 घनमीटरच्या तलावात 10 पीपीएम गाठायला 600 ग्रॅम क्लोरीन लागेल. तो 10 टक्क्यांच्या द्रव हायपोक्लोराइटमधून सुमारे 6 लिटरांत, 65 टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटमधून सव्वानऊशे ग्रॅममध्ये आणि 33 टक्क्यांच्या टीसीएलमधून 1.8 किलोत मिळतो. पिण्याच्या विहिरीला हजार लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम टीसीएल धरतात. इथे तेच प्रमाण 30 ग्रॅम होते. हिरव्या पाण्याची भूक किती मोठी असते ते या बारापट फरकावरून कळते.

औषध संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाकायचे आणि पंप चालू ठेवायचा. पहिल्या मात्रेनंतर हिरवा रंग बहुधा रातोरात फिका पडतो, पाणी राखाडी किंवा पांढरट होते. इथेच अनेक जण काम झाले समजून थांबतात, आणि आठवड्यात तलाव पुन्हा हिरवा होतो. पहिली मात्रा शेवाळावर आणि सेंद्रिय घाणीवर खर्च झालेली असते. काही जिवंत पेशी उरतात आणि क्लोरीन संपल्याबरोबर पुन्हा वाढतात. उपचाराचे सारे मर्म पातळी टिकवण्यात आहे. दिवसातून शक्य तितक्या वेळा मोजून, जेवढा क्लोरीन कमी झाला तेवढा परत टाकून, पाणी तो खाणे थांबवेपर्यंत 10 पीपीएम धरून ठेवायचे. एकाच दिवशी चौपट मात्रा टाकून पुढे चार दिवस दुर्लक्ष करण्याने हे साधत नाही. हलक्या हिरव्या तलावाला दोन-तीन दिवस लागतात, काळपट हिरव्याला आठवडा किंवा अधिक.

मोजण्यासाठी गावात जलसुरक्षकाकडे असणारा क्लोरोस्कोप आणि ओटीचे द्रावण सुरुवातीला उपयोगी पडते. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. पण ओटी चाचणी मुक्त आणि संयुक्त असा एकूण क्लोरीन दाखवते, त्यांतला फरक दाखवत नाही. घाम, मूत्र आणि कुजणाऱ्या शेवाळातला नायट्रोजन क्लोरीनशी जुळून क्लोरामाइन बनतात. डोळे झोंबतात आणि ‘क्लोरीनचा वास’ येतो तो खरे तर यांचा. हा फरक कळण्यासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी हवी. तिचीही एक अडचण आहे: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग उमटताच उडून जातो आणि क्लोरीन शून्य आहे असे वाटते. अशा वेळी एक भाग तलावाचे पाणी चार भाग शुद्ध पाण्यात मिसळून चाचणी घ्यावी आणि उत्तराला पाचने गुणावे.

क्लोरीन शेवाळ मारतो, पण पाण्याबाहेर काढत नाही. ते काम फिल्टरचे. वाळूच्या फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्धा किलोने, म्हणजे साधारण 7 पीएसआयने वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुवायची; मेलेल्या शेवाळाच्या दिवसांत ही वेळ दिवसातून दोन-तीनदाही येते. तासाला 10 घनमीटर पाणी ओढणारा पंप 60 घनमीटरचा तलाव सहा तासांत एकदा फिरवतो. वीज जाणाऱ्या भागात जेवढे तास पंप चालेल तेवढे तास चालवणे एवढेच हाती असते, त्यामुळे निवळायला लागणारे दिवस वाढतात.

फिल्टर कमकुवत असेल किंवा नसेलच, तर तुरटी कामाला येते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची घरोघरची जुनी रीत इथे मोठ्या प्रमाणावर वापरायची. सामू सातच्या जरा वर असताना घनमीटरला 40 ते 50 ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून पसरायची, थोडा वेळ फिरवून पंप पूर्ण बंद करायचा आणि रात्रभर पाणी स्थिर ठेवायचे. मेलेले शेवाळ गुठळ्यांनी तळाला बसते. सकाळी तो थर न ढवळता व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडावा. फिल्टरमधून नेल्यास वाळू जाम होते. यात थोडे पाणी जाते, पण सहा टँकरांपुढे ते किरकोळ असते. तुरटी पाण्याची अल्कता खाते, म्हणून नंतर सामू पुन्हा तपासावा लागतो.

मोरचूद टाकून शेवाळ मारण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यातले तांबे शेवाळाला मारते हे खरे, पण जंतूंचा बंदोबस्त ते खात्रीने करत नाही, भिंतींवर निळे-हिरवे डाग पाडते, आणि जालन्यासारख्या जड, अल्क पाण्यात त्यातले बरेच तळाला जाऊन बसते. क्लोरीनची जागा मोरचूद घेऊ शकत नाही.

काम पूर्ण झाले हे तीन खुणांवरून ठरते. सर्वांत खोल भागातला तळाचा निचरा काठावरून स्पष्ट दिसला पाहिजे. संयुक्त क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या खाली आला पाहिजे. आणि सूर्य मावळल्यावर मोजलेला मुक्त क्लोरीन सूर्योदयाआधी पुन्हा मोजल्यावर 1 पीपीएमपेक्षा जास्त घटलेला नसावा. रात्री ऊन नसते. त्यामुळे रात्रीत घट झाली तर ती पाण्यातल्या जिवंत घाणीनेच केलेली असते. यांतली एकही खूण उणी असताना तलावात कोणालाही उतरू देऊ नये. गढूळ पाण्यात बुडणारे मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही, हा धोका जंतूंइतकाच खरा आहे. सगळे जमल्यावर क्लोरीन 1 ते 3 पीपीएमपर्यंत उतरू द्यायचा, सामू 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायचा आणि मग पोहायला सुरुवात करायची. अशा पाण्यात ई. कोलाय मिनिटभरही टिकत नाही, जिआर्डिया पाऊण तासात मरतो. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र 1 पीपीएमला दहा दिवसांहून अधिक तग धरतो, म्हणून जुलाब झालेल्याने तलावात उतरू नये. केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचे जे रुग्ण आढळले त्यानंतर कोमट, साचलेल्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यात डुंबण्याचा धोका देशभर चर्चेत आला. नेग्लेरिया फाउलेरी हा त्यांतला एक अमीबा नाकावाटे आत जातो, आणि नीट राखलेला क्लोरीन त्याला रोखतो.

जालन्यात हिरवे पाणी तलावांपेक्षा शेततळ्यांत अधिक दिसते. जालना तालुक्यातल्या कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून तळी गावोगावी पोचली; त्यांतल्या अनेकांना प्लास्टिकचे अस्तर असते. मोठ्या शेततळ्यात लाखो लिटर पाणी असते आणि त्यात खताचा अंशही वाहून येतो; ते क्लोरीनने निवळवणे महाग पडेल, आणि त्याची गरजही नाही. तिथे शेवाळाचा खरा त्रास ठिबकच्या फिल्टरला आणि तोट्यांना होतो. त्यासाठी वाळूचा फिल्टर धुणे आणि नळ्यांतून अधूनमधून 10 ते 20 पीपीएम क्लोरीनचे पाणी सोडून काही वेळ मुरू देणे पुरते. शेततळ्यात पोहणे हा मात्र पूर्णपणे टाळण्याचा प्रकार आहे: ओले प्लास्टिक निसरडे असते, धरायला काही नसते आणि हिरव्या पाण्यात बुडणारा दिसत नाही.

निवळलेला तलाव राखायला थोडे काम पुरते. रोज संध्याकाळी क्लोरीन आणि सामू मोजावेत, आठवड्यातून एकदा भिंती घासाव्यात, उन्हाळ्यात पंप निदान आठ तास चालवावा आणि सायन्युरिक आम्ल 30 ते 50 पीपीएममध्ये राखावे. उन्हात उडणारे पाणी क्षार मागे ठेवते, म्हणून महिन्यातून एकदा जडपणाही तपासावा. चार-सहा आठवडे कोणी पोहणार नसेल तरी क्लोरीन 2 पीपीएमखाली जाऊ देऊ नये, आणि शक्य असल्यास तलावावर गर्द आच्छादन घालावे. प्रकाश तुटला की शेवाळाची वाढ थांबते आणि बाष्पीभवनही कमी होते. बॅकवॉशचे पाणी नाल्यात न सोडता उघड्या हौदात दोन-तीन दिवस उन्हात ठेवावे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. ते कडुलिंब किंवा करंजासारख्या काटक झाडांना घालता येते. मोसंबीला मात्र देऊ नये, कारण लिंबूवर्गीय झाडांची मुळे क्लोराइडचे क्षार सोसत नाहीत.